दुसरं खातं

कलिन्याच्या प्रयोगशाळेत ऑडिटचे सावेसाहेब.
एका नमुन्यामागे खर्च किती, विचारतात.
मी वाचत जातो: रसायनं, हातमोजे,
फ्रीझरची वीज, लाखेची कांडी.
नऊशे चाळीस रुपये.
"महाग पडतं हो," म्हणतात, चहा ओढून घेत.

मी दोनशे अकराची फाईल काढतो.
शर्ट, फिकट निळा, हरेश्वर तांडेलचा,
ससून डॉकवरून उचललेला, खुनाच्या कलमाखाली.
डागांची तपासणी: अर्धा दिवस.
त्याआधी रांगेत: बावीस महिने.
निष्कर्ष: रक्त माणसाचं नाही.
माशाचं.

आई पहिल्याच रात्री चौकीत म्हणाली होती,
वास तरी घ्या, साहेब.
वासाला दर नाही आमच्या तक्त्यात.

"बावीस महिने कुठे लिहू?"
सावे चष्मा पुसतात.
"तुरुंगाचा भात दुसऱ्या खात्यात जातो."
आणि बुडालेले दोन हंगाम, होडीचा हप्ता?
चष्मा पुसून झालेला असतो.
तरी पुसतात.

काल ती आली होती कोर्टाची चिठ्ठी घेऊन,
शर्ट न्यायला.
छातीवर आम्ही कापलेले दोन चौकोन
तिनं बोट घालून पाहिले.
"ठिगळ लावीन," म्हणाली,
आणि अंगठा उठवला पावतीवर.
किंमत: निरंक.