निवेपर्यंत

परवा रात्री मांस व्हिनेगरात घातलं ते श्पीरोनं.
माझा उजवा हात प्लास्टरमध्ये,
मी खिडकीशी, खुर्चीत, हुकूम सोडायला.

"सुरी खुपस. अजून आत. घाबरतोस काय,
बैल कधीचा मेलाय."
चौतीस वर्षं फेरीबोटीच्या इंजिनात कोपरापर्यंत हात घातलेला माणूस
लसणाची पाकळी मांसात ढकलताना
श्वास रोखून धरतो.
लवंगा मी मोजून दिल्या, डाव्या हातानं. पाच.
सहावी त्यानं चोरून घातली.
मी पाहिली.

आज सकाळी तुकडा निथळून, पुसून,
तेलात चारी बाजूंनी लाल केला.
मग कांदे. मग गाजरं, निम्मी सालीबरोबर गेलेली.
सेलरीचा कंद, टोमॅटो, मूठभर सुके आलुबुखार,
गोड वाईनचा एक पेला भांड्यात
आणि अर्धा कुठे गेला ते विचारायचं नाही.

झाकण.
"आता काय करायचं?"
"काही नाही."
"किती वेळ?"
"चार तास."
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
की मी त्याला व्हिस बेटावरून हाकलूनच देतेय.

मग त्यानं स्टूल ओढलं, चुलीशी बसला
आणि भांड्याला कान लावला.
"जोरात चालतंय," म्हणाला.
बटण केसभर फिरवलं. ऐकलं. पुन्हा केसभर.
रटरट थांबली,
खालून एक बुडबुडा, मग बराच वेळ काही नाही,
मग एक.
"हं. आता बंदरात उभी आहे."
सत्तेचाळीस वर्षं मी हेच भांडं चढवतेय,
मला हा आवाज आहे हे माहीतच नव्हतं.

सहाच्या बोटीनं झोराना येणार, नवरा, दोन्ही मुलं.
मागच्या ईस्टरला बापलेक ज्या वाक्यावर उठले
ते वाक्य अजून टेबलावरच आहे.
मी त्याच्यावर मेणकापड अंथरते, बशा मांडते,
ते खालून टोचत राहतं.
श्पीरोला माफी मागता येत नाही.
गाजरं सोलता येतात, वाईट का होईना.

तीनला वारं दक्षिणेचं झालं.
त्यानं खिडकीतून पाण्याकडे पाहिलं,
बोलला नाही, फक्त मांस उलटं केलं.
साडेचारला फोन. बोट रद्द.
"मी असतो तर सोडली असती."
"नसती सोडलीस."
"नसती," म्हणाला थोड्या वेळानं.

भाज्या चाळणीतून घासून घेतल्या,
रस काळपट, चकचकीत, चमच्याला धरून राहणारा.
शिजेपर्यंत दम निघाला होता त्याचा,
निवेपर्यंत निघेना.
सुरी घेऊन उभा.
"गरम कापलंस तर चुरा होईल. निवू दे.
उद्या जास्त चांगलं लागतं, मुरतं."
"उद्या वारं पडेल?"
"ते तू सांग, बोटीवर तू होतास."

रात्री फोनवर झोरानानं विचारलं,
"आई, एका हातानं कसं केलंस?"
मी फोन त्याच्यापुढे धरला.
त्यानं तो घेतला, दोन्ही हातांनी, आणि नुसता धरून राहिला.
पलीकडे पोरं भांडत होती, टीव्ही चालू होता.
"मीठ बेतानं घातलंय," म्हणाला शेवटी.
"बाबा, तुम्ही?"
"उद्या सकाळची बोट धरा."
एवढंच. फोन परत माझ्याकडे.

टोकाचे दोन तुकडे आम्ही कापले, चव बघायला,
निवलेले, वर गरम रस.
लोक म्हणतात, चव हाताला असते.
माझा हात तर पोटाशी पांढरा बांधलेला,
आणि चव होती.
दुसऱ्या घासाला दाताखाली लवंग आली.
सहावीच असणार.
मी ती बशीच्या कडेला काढून ठेवली
आणि पाव पुढे सरकवला.