मोकळी जागा

अक्कलकोट रोड, एमआयडीसी. पहाटेचे पाच.
मागाच्या कंट्रोलरला वीज दिली,
काळ्या पडद्यावर कर्नल एकेकाला हाक मारू लागला.
घड्याळ, हजर. मेमरी, हजर.
जकार्डचा ड्रायव्हर आला,
त्याचा रेग्युलेटर अजून जागा नव्हता,
मुकाट रांगेत मागं गेला, थोड्या वेळानं पुन्हा आला.

शेजारी लचमव्वा गज्जम बीम सांधत होती:
चोवीसशे टोकं,
राखेची चिमूट, अंगठा, पुढचं.
शेवटची गाठ पडली, तिनं डबा उचलला.
पडद्यावरही शेवटची ओळ आली:
सुरुवातीचा कोड संपला, जागा मोकळी केली.
त्या जागेत आता चादरीचा मोर.

अकराला माग थबकला.
चूक माझी. चालत्या मागातून मी
त्या सुरुवातीच्याच एका फंक्शनला बोलावलं होतं.
पत्ता बरोबर होता,
तिथं मोराची पिसं. ओ कोण देणार?

मालक ओरडला, "सकाळी तर होतं की बे!"
होतं.

दुपारी कन्ना चौकात लचमव्वा दिसली,
दुसऱ्या कारखान्याकडं निघालेली,
बोटं अजून राखाडी.
"चालालाय का माग?"
चालालाय, म्हटलं.
ती थांबली नव्हतीच.