काझिमिरचा तक्ता

काझिमिरनं तक्ता केलाय.
आडव्या ओळींत गावं, उभ्या रकान्यांत गुण:
शाळा, घरपट्टी, शिकागोपर्यंत गाडीची मिनिटं,
तळघरात पाणी शिरतं का,
वाचनालय रविवारी उघडं असतं का.
हार्लन पार्क पहिलं. नॉर्थ ऑलकॉट अर्ध्या गुणानं मागे.
ब्रेअरफील्ड नववं.
'आकडे खोटं बोलत नाहीत,' तो म्हणतो
आणि चष्मा पुसतो, माझे सासरे पुसायचे तसाच, शर्टाच्या टोकानं.

मी या गावांत कधी पाऊल ठेवलं नाही.
पण अकरा वर्षं रात्रपाळीला
कानाला हेडफोन लावून ऐकलीयत.
रुग्णवाहिका हवी, बंब हवा की पोलीस,
पत्ता सांगा, श्वास चालू आहे का बघा, फोन ठेवू नका.
माझ्यापाशी येताना गावाला तोंड नसतं,
नुसता आवाज असतो,
आणि आवाजामागे कुत्रं, टीव्ही, वाहता नळ.

हार्लन पार्कात हिरवळी एका मापाच्या, सांगतात मिसेस फेनविक,
किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत.
मला आठवतो तिथला एकजण.
शेजारच्या घरातून धूर येतोय, म्हणाला.
आत कोण राहतं?
गप्प. मग, 'करड्या रंगाची गाडी आहे त्यांची.'
किती जण? 'खरंच सांगता येणार नाही.'
तुम्ही किती वर्षं राहता तिथे?
'चौदा.'
वाईट नव्हता बिचारा. धावत बाहेर गेला असणार, अनवाणी, गवतातून.
पण नाव माहीत नाही, तर हाक कुणाला मारणार?

आणि ब्रेअरफील्ड.
फेब्रुवारी, पहाटेचे सहा वीस.
म्हातारा आवाज, अजून कवळी न लावलेला:
'समोरच्या ऑगस्टाच्या स्वयंपाकघरात सहाला दिवा लागतो.
आज लागला नाही.'
एवढंच?
'एवढंच. मी बूट चढवतेय,
पण पायऱ्यांवर बर्फ आहे, तुमची माणसं आधी पोचतील.'
पोचली. ऑगस्टा न्हाणीघरात पडलेली,
शुद्धीवर, आणि कॉफीला उशीर झाला म्हणून चिडलेली.

हे घरी सांगायचं नसतं. नोकरीचा नियम.
म्हणून मी म्हटलं, ब्रेअरफील्ड.
'का?'
असंच.
'नववं आहे, इनेस. अठ्ठावन्न मिनिटं गाडीत.
घरपट्टी बघ. वाचनालय एका खोलीचं.'
माहीत आहे.
तो बराच वेळ पडद्याकडे बघत बसला.
मग एक रकाना वाढवला, मथळा कोरा ठेवला,
ब्रेअरफील्डला त्यात दहापैकी चाळीस दिले
आणि लॅपटॉप मिटला.
एकोणीस वर्षांत त्यानं मला लिहिलेलं
एवढंच एक प्रेमपत्र.

बिऱ्हाड हललं. शहरात आम्ही बर्फ उपसून
गाडीची जागा धरायला मोडकी खुर्ची ठेवायचो रस्त्यात.
काझिमिरनं ती टाकू दिली नाही.
इथे दारापुढे जागाच जागा, खुर्चीला काम नाही.
ती तळघरात असते,
पाण्यात पाय बुडवून.

ऑगस्टाचं घर मी शोधलं नाही. शोधणार नाही.
त्या आवाजाचंही नाही.

पण परवा रात्रपाळीहून आले, मेल्यासारखी झोपले,
आणि दुपारी तीनला दारावर थाप.
पलीकडची बाई, डोक्याला रुमाल, हातात फावडं.
'पडदा उघडला नाही तुझा. म्हटलं, बघावं.'
झोपले होते, म्हटलं मी.
'बरं,' म्हणाली,
आणि माझ्या खांद्यावरून आत डोकावून
न उघडलेली खोकी, सिंकमधली भांडी,
भिंतीला टेकवलेलं आमच्या लग्नाचं चित्र,
सगळं नजरेखालून घातलं.

रागच आला.
दार लावून घेतलं जरा जोरात.
मग खिडकीशी उभी राहिले, दिवा न लावता,
ती निसरड्या पायऱ्या उतरून
आपल्या दारापर्यंत नीट पोचते का
ते बघत.