इमान

बारा महिने भरले की सगळं उघडायचं.
उडालं असो, नसो.
उगेमुगे भाऊजींनी हा नियम
बंद जिनिंगच्या दारामागे खिळ्यानं कोरला होता,
तोही अशा जागी, की वाचायला दार लावावं लागे
आणि दार लावलं की अंधारात वाचता येत नसे.
ताई हसायची. ते हसत नसत.

वडनेरच्या पोरासोरांनी, म्हाताऱ्यांनी
पहिल्या दिवसापासून त्याला इमान म्हटलं.
नागपूरहून आलेल्या साहेबानं सुधारून दिलं, वि-मान.
भाऊजी म्हणाले, राहू द्या साहेब,
बराबर हाय थे.

आता त्यांचा पाना माझ्या हातात आहे
आणि मे महिना आहे, शेचाळीस.
पत्र्याला हात लावू देत नाही ऊन,
म्हणून पहाटे चारला सुरू, आठला बंद.
हवेच्या गाळणीत रुई.
जिनिंग बंद पडून तीस वर्षं झाली,
कुठून येते देव जाणे.
वाऱ्याचा वेग मोजायच्या नळीत
कुंभारमाशीनं मातीचं घर केलंय.
कंट्रोलची तार चिंधीनं पुसत जायची,
चिंधी अडकली तिथे तार तुटायला लागली समजायचं,
डोळ्यांवर विसंबू नये.
नट आवळला की त्यावर आडवी रेघ,
ताईच्या नेलपॉलिशची. रेघ मोडली
म्हणजे नट फिरला.
लाल बाटली संपली त्या साली रेघा जांभळ्या आहेत.

नट कोणीही फिरवावा, नियम म्हणतो.
सही मात्र ज्यानं बांधलं त्याची.
विकलं, वारसानं घेतलं, तरी
बैलासोबत दावं जातं तशी सही जात नाही.
आणि भाऊजी पौषात गेले.
आकाशातून नाही. कोणाच्या तरी तेरवीचं जेवून
सायकलवर घरी येताना.

म्हणून फाइल काढली. फाइल म्हणजे
दोनशे पानी चार वह्या, तेलकट.
एकेका रिबिटाला तारीख,
आणि प्रत्येक ओळीत दोन नावं,
बाहेरून मी. आतून कुंदा.

अकरा वर्षांची होते. माझाच हात
शेपटीच्या नळकांड्यात खांद्यापर्यंत जायचा.
मी आतून लोखंडी ठोकळा दाबून धरायचे,
ते बाहेरून ठोकायचे.
कोपरापर्यंत मुंग्या यायच्या.
धरलं काय व?
धरलं.
दोन उन्हाळे आमचं बोलणं एवढंच.

एकदा धरलं नव्हतं. नाक खाजत होतं.
त्यांनी विचारलं, मी म्हणाले धरलं.
चोवीस वर्षं हे मी कोणालाही,
ताईलाही, सांगितलेलं नाही.

तिसरी वही, पान एकशे बारा,
समासात पेन्सिलीनं, आडवं:
डावीकडून सातवं आतून बसलं नाही.
पोरीले बोलू नये. दरसाल पाहावं.

त्याखाली तारखा. वर्षाला एक.
प्रत्येकीपुढे तेच, पाह्यलं, हाललं नाई.
एका साली नुसतं, पाह्यलं.
त्या साली माझं लग्न मोडलं होतं.

टॉर्च दातात धरून मी हात घातला.
आता कोपराशीच अडकतो.
बोटाचं टोक पोचलं कसंबसं.
शेजाऱ्यांहून तिरपं आहे. पहाटेचं थंड.

साहेब सोमवारी येणार आहेत.
दुसरं नाव त्यांना चालेल की नाही,
वही त्यांना वाचता येईल की नाही, ठाऊक नाही.
मी शेवटच्या तारखेखाली आजची घातली
आणि लिहिलं, मी धरलं नव्हतं.
मग ओळ सोडून, पाह्यलं. हाललं नाई.
त्यावर रेघ मारून ठेवायची होती,
ताई अजून बाटली शोधतेय.