कलम सतरा

दोन मतांनी पास झालं विधेयक, रात्री उशिरा.
कलम सतरा : शाळेच्या बसमधून डिझेल हद्दपार.

मार्चमध्ये मिनेसोटाच्या उत्तरेला
आर्डिसबाईंनी नवी बस घेतली ताब्यात,
किल्ली फिरवली. काहीच वाजेना.
पुन्हा फिरवली.

तळ्याकाठच्या वळणावर
न्यूगार्डांचा म्हातारा कुत्रा
अकरा हिवाळे
मैलभरावरून घरघर ओळखायचा,
भुंकून पोरांना बूट चढवायला लावायचा.
आता फाटकाशी कान टवकारून बसतो,
आणि बस त्याच्या पाठीशी येऊन उभी.

धूर गेला, धाकटीचा खोकलाही.
चांगलंच झालं.

तरी आर्डिसबाई वळणाआधी काच खाली करतात
आणि कुठल्याच कलमात न बसणारं
घुर्रर्र
काढतात तोंडानं.

बर्फावर शेपूट आपटतं.