नमुना क्रमांक चार

बाटली पाण्याखाली तिरकी धरायची,
गळ्यापर्यंत भरू द्यायची,
बूच लावताना एकही बुडबुडा आत राहता कामा नये,
नाहीतर बाहेरची हवा
नदीच्या खात्यावर जमा होते.
हे मला नेरूरकरबाईंनी शिकवलं.
बाई रिटायर झाल्या. दहिसर नदीला ती सोय नाही.

दर मंगळवारी पाच बाटल्या.
पहिली जंगलात, जिवल्या वरठाच्या पाड्याखाली.
तिथे खेकडे आहेत, आणि जिवल्या विचारतो,
"आमचं पाणी पास झालं का?"
दुसरी पुलापाशी.
तिसरी तबेल्यांमागे, तिथे मी श्वास रोखून वाकते.
नदीही तेच करत असावी.
पाचवी खाडीच्या तोंडाशी, पास्कूच्या होडीतून.
"थांब गो, भरती उतरू दे,
आता भरलीस तर समुद्र मोजशील."

चौथी धोबीघाटाखाली.

काठावरच दोन औषधं घालायची
आणि बघत राहायचं.
प्राणवायू असेल तर साका तपकिरी,
नसेल तर पांढराशुभ्र.
इतका स्वच्छ रंग, आणि बातमी ही अशी.
अकरा वर्षं चौथी बाटली पांढरी.
रजिस्टरात मी "निरंक" लिहीत आले,
हात आता माझं ऐकत नाही, आपोआप लिहितो.

गेल्या साली तबेल्यांचं शेण टाकीत जाऊ लागलं,
चार मोऱ्यांची तोंडं वळवली.
नारळ फुटला. करवंट्या नदीतच गेल्या.
पुढे सहा महिने दादू हातागळे
कमरेइतक्या गाळात उभा होता.
त्याच्या पायांची खाज
माझ्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

आज चौथ्या बाटलीत साका खाली बसला
तो पांढरा नव्हता.
तपकिरीही म्हणवत नाही;
दुधात चहाचा थेंब चुकून पडावा, तेवढाच.
बुडबुडा राहिला असणार. माझीच चूक.
पुन्हा उतरले. पुन्हा तिरकी, पुन्हा बूच,
उलटी करून टिचकी मारली.
घाटावरून कनोजियाबाई ओरडल्या,
"काय हो, सोनं सापडलं का?"

पुन्हा तोच थेंब.

लॅबमध्ये आकडा आला: एक पूर्णांक दोन.
एवढ्यात मासा जगत नाही.
सवयीनं "निर" लिहून झालं होतं,
ते खोडलं, नियमाप्रमाणे बाजूला सही केली.

संध्याकाळी बाईंना फोन लावला.
पलीकडे बराच वेळ कुकरची शिट्टी.
मग म्हणाल्या,
"बुडबुडा नीट बघितलास ना?"