कपाट नंबर चार

कपाट नंबर चारमध्ये, घुबडाच्या खालच्या फळीवर
तो उभा आहे, माझ्या नोकरीच्याही आधीपासून,
एका वाळक्या फांदीला बिलगून.
चिठ्ठीवरची शाई उडालीय. 'पनामा' तेवढं वाचता येतं,
आणि खाली, कुणाच्या तरी वळणदार अक्षरात : सुतार.

माझंही आडनाव तेच.
रुजू झालो त्या दिवशी मुजावर सर हसून म्हणाले,
"घ्या, तुमचा भाऊबंद सांभाळा."

सांभाळला.
दर शनिवारी मऊ कुंचल्यानं पुसतो
काळी पाठ, चोचीपासून मानेवर उतरणारी पांढरी रेघ
आणि तुरा. तो अजून लाल,
लक्ष्मीपुरीत पोत्याच्या तोंडाशी मांडलेल्या
संकेश्वरी मिरचीसारखा.

जिवंतपणी याची जीभ म्हणे
कवटीला मागून वळसा घालून कपाळापर्यंत पोचायची.
आता आत कापूस आहे.
आमचे दादाही शेवटची दोन वर्षं बोलले नाहीत.
वाकस, पटाशी, रंधा :
सगळं भावकीत वाटून टाकलं मी.
मला सरकारी नोकरी होती.

परवा फाटकाजवळचा पर्जन्यवृक्ष तोडायला माणसं आली.
रंकाळ्याकडचा रस्ता रुंद होतोय.
नेर्लेकर मॅडम खिडकीत उभ्या राहून म्हणाल्या,
"हे झाड इकडचं नव्हेच, सुतार.
तुमच्या त्या पाखराच्या मुलखातलं.
मिरचीसुद्धा तिकडचीच."
"काय सांगताय! मिरची?"
"आणि पाखरांना ती तिखट लागत नाही."

तांबड्या रश्श्याच्या गावात जन्म काढला,
नाकातोंडातून पाणी काढत जेवलो,
आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दुपारी करवत थांबली. जेवणाची सुट्टी.
मी कपाट उघडलं, फांदीसकट त्याला उचललं
(वजन कसलं, चहाच्या रिकाम्या कपाएवढं)
आणि जिना उतरून, उरलेल्या बुंध्याला टेकवून धरलं,
चोच सालीला लागेल असं.

माणसं भाकरी हातात धरून बघत राहिली.
कुणी हसलं नाही.
खरं सांगतो, आवाज काही झाला नाही.
मग मीच बोटाच्या पेरानं केला,
टक्. टक् टक्.
दादा ठोकून बघायचे तसा,
कान लाकडाला लावून,
आतून पोकळ आहे का म्हणून.

भरीव होतं.
मी तसं त्या माणसांना सांगितलंही.